ओझेवाला थांबला आहे

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. मीही आधी ठेवला नव्हता. त्याची टोचणी अजून आहे. फक्त त्या गेमचं नाव विचारू नका. मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तसा शब्द दिलाय.

आणि मध्यरात्र, वादळ, गेलेली वीज असलं काही यात नाही. गुरुवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडक्या सताड उघड्या, समोरच्या गल्लीत गाड्यांची ये-जा.

अशा वेळी घडलं.

जिच्या बाबतीत घडलं ती माझी आतेबहीण. मी तिला ताई म्हणतो. वय अडतीस. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी आत्या. ताई दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, ही त्यात प्लास्टर ओतते, साचा काढते, त्यावर कवळी बसवते. दिवसभर लोकांचे जबडे हातात. आत्या म्हणायची, "हिच्यासमोर हसायची सोय नाही. ही दात मोजते."

बाकी ताई नाकासमोर चालणारी. व्यसन एकच. कॉम्प्युटरवरचे रोल-प्लेइंग गेम. आपण एक पात्र व्हायचं, सोबती जमवायचे, गावोगाव फिरायचं, आणि आपण जे ठरवू तशी गोष्ट वळायची, त्या जातीचे.

त्यातही गाजलेल्या गेमला ती हात लावत नसे. "त्यांना खेळायला जग पडलंय," म्हणायची. तिला हवे असत कोपऱ्यात पडलेले. ज्यांना एकही अभिप्राय नाही असे. गेमच्या दुकानांच्या साइटवर लोक पहिलं पान बघतात, ही शेवटच्या पानापासून सुरुवात करायची. बंद पडलेल्या फोरमवरचे दहा-दहा वर्षांपूर्वीचे धागे उकरायची. दहा गेम उघडले की नऊ टाकाऊ निघत. पण दहावा असा निघायचा की ही चार दिवस हवेत.

दर महिन्याला त्यातले तीन निवडून ती इंटरनेटवर लिहायची. वाचणारे जेमतेम तीनशे. तिथे तिने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'भंगारवाली'. नियम एकच. स्वतः सहा तास खेळल्याशिवाय कुणालाही सुचवायचं नाही.

तर असाच तो गेम सापडला.

एका मेलेल्या फोरमवर. कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी लिंक टाकली होती. वर एकच ओळ...

'कुणीतरी हा पूर्ण करा. मला जमलं नाही.'

खाली एकही उत्तर नव्हतं. ताईला वाटलं, गेम अवघड असणार. तिने तो उतरवून घेतला.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी बसली ती दुपारी आत्याने हाक मारेपर्यंत उठली नाही. गेम दिसायला साधा होता. मोठमोठे चौकोनी ठिपके, मोडकं इंग्रजी. माणसांचे चेहरे म्हणजे नुसती स्थिर चित्रं, डोळे हलत नाहीत, ओठ हलत नाहीत. कुणी बोललं की खालच्या चौकटीत अक्षरं एकेक करून उमटायची. प्रत्येक अक्षरामागे बारीकसा आवाज. नखाने टेबलावर मारावं तसा.

टिक. टिक. टिक.

गोष्ट मात्र पकडून ठेवणारी. आपण वाटाड्या. दुष्काळात वाळून चाललेल्या एका शहरापर्यंत पोचायचं. सोबत तिघं. एक वैदू बाई, एक पळून आलेला शिपाई आणि एक ओझेवाला. ओझेवाल्याला नाव नव्हतं. लढता येत नव्हतं. तो फक्त सगळ्यांचं सामान वाहायचा. डाव्या खांद्यावर भलंमोठं गाठोडं, त्यामुळे तो खांदा कायमचा उतरलेला. फारसा बोलायचाही नाही. बाकी दोघं भांडायची, हसवायची, आपल्या गोष्टी सांगायची. हा आपला मागून चालत.

मग नदी आली. नावेत तिघांचीच जागा.

म्हणजे कुणीतरी एकाने मागे राहायचं. ताईने फार विचार केला नाही. ओझेवाल्याच्या चित्रावर क्लिक केलं. दोनच पर्याय आले. 'सोबत चल' आणि 'इथे थांब'. तिने 'इथे थांब' निवडलं.

त्याने विचारलं, 'किती वेळ?'

पुन्हा दोन पर्याय. 'थोडा वेळ' आणि 'मी येईपर्यंत'.

ताईने दुसरा निवडला. मला म्हणाली, "अरे, तो वाचायला बरा वाटला म्हणून."

नाव निघाली. काठावर तो उभा. लहान लहान होत गेला.

त्यानंतर अधूनमधून स्क्रीनच्या तळाशी एक ओळ यायची. बाजारात हिंडताना, शिपायाशी बोलताना, मध्येच.

'ओझेवाला थांबला आहे.'

ताईला हे भारी आवडलं. तिने वहीत टिपूनही ठेवलं, 'मागे सोडलेल्या माणसाची आठवण करून देणारा गेम. मस्त कल्पना.'

रविवारी ती शहरात पोचली. शहर तहानेने मरत होतं. वर डोंगरात एक जुना बंधारा. त्याची दारं उघडली की पाणी खाली येणार. ती उघडायला तिला चार तास लागले. दारं उघडली, पाणी सुटलं, लोक नाचायला लागले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. आईला हाक मारून तिने ते दाखवलं.

पाणी खाली कुठून कुठे वाहत गेलं...

ते तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

तळाशी येणारी ओळ मात्र यायची थांबली होती. तेही तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी ती कामावरून परतली. इमारतीच्या तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान. वीस वर्षांची ओळख. त्यांनी मशीनवरून मान वर केली.

"काय गं, भेटला का तो तुला?"

"कोण काका?"

"अगं, मघापासून जिन्यापाशी उभा होता एक जण. टपालपेट्यांच्या शेजारी. म्हटलं कोण हवंय? तुझ्याकडे बोट केलं... म्हणजे वर, तुमच्या घराकडे. म्हणाला, त्यांनीच थांबायला सांगितलंय."

ताईने जिन्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"पार्सलवाला असेल."

"छे. हातात काही नव्हतं." काका दोरा दाताने तोडत म्हणाले, "पण माणूस मापाला फार वाईट हो. डावा खांदा चांगला चार बोटं खाली. असल्याला कोट शिवायचा म्हणजे शिंप्याची परीक्षा."

ताई हसली. दोन जिने चढली.

आणि तिसऱ्यावर पाय ठेवताना तिला आठवलं, असा खांदा आपण कुठे पाहिलाय ते.

तिने स्वतःलाच समजावलं. जगात काय एकाचाच खांदा उतरता असतो? त्या रात्री तिने गेम उघडला नाही. दमले होते, असं तिचं म्हणणं.

बुधवारी ती लॅबमध्ये होती. वरच्या आणि खालच्या जबड्याचे साचे जुळवत होती. तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी आत आली.

"मॅडम, ते गृहस्थ बसलेत बाहेर. तुम्ही येताय ना?"

"कोण गृहस्थ?"

"तासभर झाला. म्हणतात, तुम्ही थांबायला सांगितलंय."

ताईच्या हातातला साचा तसाच राहिला. ती उठली. हात न धुताच बाहेर आली.

बाहेर चार खुर्च्या. चारही रिकाम्या.

"आत्ता इथे होते," मुलगी म्हणाली. तिने दरवाजा उघडून रस्त्यावर पाहिलं. परत आली. "दार उघडल्याचा आवाजही नाही आला. घंटी लावलीय ना आपण दाराला."

"काय बोलले नक्की?"

"तेवढंच. मी थांबतो, त्यांनी सांगितलंय." ती जरा घुटमळली. "मॅडम... एक विचारू? हसू नका."

"बोल."

"ते बोलले, मी ऐकलं. पण त्यांचे ओठ हललेले मला आठवत नाहीयेत."

ताई आत गेली, स्टुलावर बसली. आत मशीन बंद होतं. पाण्याचा नळ बंद होता. आणि पार्टिशनच्या पलीकडून, त्या चार खुर्च्यांच्या दिशेने, अगदी बारीक...

टिक. टिक. टिक. टिक.

मग शांत.

संध्याकाळी घरी आल्याआल्या तिने गेम उघडला. आता मात्र तिची पाचावर धारण बसली होती. डोक्यात एकच. परत जायचं. नदीवर जायचं, त्याला सोबत घ्यायचं, विषय संपवायचा. गेममध्ये सोबत्यांची यादी असते. तिने ती काढली. वैदू बाई, सोबत. शिपाई, सोबत. ओझेवाला...

रविवारपर्यंत तिथे 'थांबला आहे' असं होतं.

आता होतं, 'वाटेत'.

ती उलटी निघाली. आलेली वाट पुन्हा तुडवत. शेवटची टेकडी चढली आणि खाली पाहिलं.

नदीकाठ नव्हता.

नाव नव्हती, काठावरचं झाड नव्हतं. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत नुसतं पाणी. तिनेच बंधाऱ्याची दारं उघडली होती. लोक नाचले होते, तिने आईला हाक मारून दाखवलं होतं. आणि त्या सगळ्या वेळात काठावर उभ्या असलेल्या माणसाची तिला एकदाही आठवण झाली नव्हती.

वैदू बाईच्या चित्राखाली अक्षरं उमटली. टिक, टिक, टिक.

'त्याने तुझा शब्द मोडला नाही. शेवटपर्यंत हलला नाही.'

ताईने कॉम्प्युटर बंद केला. प्लगच उपटला. मग मला फोन केला.

इथे मी येतो, आणि इथेच मला लाज वाटते. तिने सगळं सांगितलं. मी हसलो. म्हटलं, "ताई, दिवसभर जबडे आणि घरी आल्यावर भुतं. जरा सुट्टी घे. शिंपीकाकांचे डोळे गेलेत आणि ती पोरगी फोनमध्ये डोकं घालून बसते."

ती म्हणाली, "आधी तो जिन्याखाली होता. मग लॅबमध्ये, खुर्चीवर बसून. प्रत्येक वेळी जवळ येतोय रे."

मी म्हटलं, "उद्या बोलू."

उद्या म्हणजे गुरुवार.

दुपारी साडेतीनला लॅबमध्ये तिचा फोन वाजला. घरचा नंबर. आत्या.

आत्याबद्दल इथे सांगायला हवं. तिने एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून देण्यात जन्म गेला. डोळे अधू, गुडघे कामातून गेलेले, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. दारात आलेल्याला तिने कधी बाहेर उभं ठेवलं नाही.

"अगं, तुझ्याकडे कुणीतरी आलंय."

"कोण?"

"नाव नाही सांगत. मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं तर समोर उभा. बेल नाही, काही नाही. म्हटलं, आत या, बसा, ती येईल सहापर्यंत."

"आई... तू त्याला आत घेतलंस?"

"मग काय दारात उभा ठेवू? किती दिवस झाले थांबलाय म्हणतो बिचारा. अंगात त्राण नाही. इतकं हळू बोलतो, कान देऊन ऐकावं लागतं."

"आई, ऐक. तू उठ आणि खाली काकांच्या दुकानात जाऊन बस. आत्ताच्या आत्ता."

"या गुडघ्यांनी तीन मजले? आणि पाहुण्याला घरात एकटं टाकून? काहीतरीच तुझं. थांब... तो काहीतरी म्हणतोय."

फोनमध्ये शांतता.

आणि मग त्या शांततेत...

टिक. टिक. टिक. टिक. टिक.

ताईला माणसाचा आवाज आला नाही. नुसता तो आवाज, एकेक अक्षर टाइप व्हावं तसा. पलीकडे आत्या मात्र हं, हं करत ऐकत होती.

"म्हणतो, त्यांना सांगा, घाई करू नका. मी थांबतो."

ताई तशीच सुटली. अंगात प्लास्टरने माखलेला एप्रन, बर्नरवर मेणाची वाटी उकळतेय. तो बर्नर नंतर रिसेप्शनवरच्या मुलीने बंद केला. लॅब ते घर बारा मिनिटांची वाट. ती पळत होती. लोक वळून बघत होते. खाली आली तर काकांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, काका आत नाहीत. जिन्यात टपालपेट्या. कुणी नाही. पहिला मजला. दुसरा. कुठे रेडिओ नाही, भांडं नाही, लहान मुलाचं रडणं नाही. त्या इमारतीत दुपारी इतकी शांतता कधीच नसते.

घराचं दार उघडं होतं.

आत्या पलंगावर बसलेली. पाय खाली सोडून, पदर सावरून, पाहुण्यांसमोर बसते तशी. समोर वेताची खुर्ची. तिच्यात कुणी नव्हतं.

"आली बघा," आत्या खुर्चीकडे बघून म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? माझा फोन गेला की येतेच ती."

ताई दारातच खिळली.

खुर्ची रिकामी होती. पण तिची वेताची बैठक... मधोमध खाली दबलेली होती. कुणीतरी वजन टाकून बसलेलं असावं, तशी. आणि डावीकडे जरा जास्त.

"आई, इकडे ये."

"अगं, पण..."

"आई, उठ. माझ्याकडे ये."

आत्या उठायला गेली. उठवेना. तिने पलंगाच्या कडेला हात टेकला, पुन्हा जोर केला. पुन्हा बसली. पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उतरला.

"पायांवर काहीतरी जड ठेवल्यासारखं झालंय गं. हा बसला तेव्हापासून."

ताईने खुर्चीकडे पाहिलं. म्हणाली, "तू जा."

टिक. टिक. टिक. टिक.

आवाज खुर्चीतून आला. समोरून, दोन हातांवरून. ताईला अर्थ लागला नाही. तिने आईकडे पाहिलं. आत्याने मान किंचित कलती करून ऐकलं, तीस वर्षं हेडफोन लावून ऐकलं तसं. मग सवयीने पुढे सांगितलं.

"विचारतोय, कुठे?"

ताई म्हणाली, "जिथून आलास तिथे."

टिक. टिक. टिक. बराच वेळ. ताई म्हणते, तेवढा वेळ मी आयुष्यात कधी मोजला नाही.

"म्हणतो, तिथे आता पाणी आहे." आत्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणतो, गळ्यापर्यंत आलं तोवर वाट पाहिली. मग डोक्यावरून गेलं. तरी पाहिली. हे काय बोलतोय गं हा? कोण आहे हा?"

"माझं चुकलं," ताई म्हणाली. ती रडत होती. "मी विसरले. खरंच विसरले. आता थांबू नकोस. तुला कुणी थांबवलेलं नाही. मोकळा आहेस तू."

खुर्चीचं वेत एकदा करकरलं.

टिक. टिक. टिक.

आत्या ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे ओठ पांढरे पडले. या खेपेला तिने लगेच सांगितलं नाही.

"आई? काय म्हणाला?"

"म्हणतो, मला मोकळं होता येत नाही. थांबायचं नाही तर मग काय करू ते सांगा. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर मी आईंपाशी थांबू का?"

आत्याचे दोन्ही पाय, गुडघ्यांपासून खाली, हळूहळू पांढरे पडत होते. पाण्यात फार वेळ राहिलेली बोटं होतात तसे. ताईने ते डोळ्यांनी पाहिलं. मला सांगताना तिने दोनदा सांगितलं, डोळ्यांनी पाहिलं म्हणून.

ती किंचाळली.

"आईपाशी नाही! माझ्यासोबत चल. ऐकलंस? माझ्यासोबत चल!"

आवाज थांबला.

खुर्चीची बैठक सावकाश वर आली. वेताचे पट्टे सरळ झाले.

"उठला," आत्या पुटपुटली.

तिची नजर वर गेली. माणूस उभा राहिला की त्याच्या चेहऱ्याकडे बघायला जाते तेवढी वर. मग ती सरकत आली. खुर्चीपासून टेबलापाशी. टेबलापासून दाराकडे. ताईच्या अंगावरून. आणि ताईच्या डाव्या खांद्याच्या मागे येऊन थांबली.

ताई हलली नाही. तिला तिथे कुणाचा श्वास जाणवला नाही, स्पर्श झाला नाही. काहीही झालं नाही. तेच तिला अजून सहन होत नाही.

"आता दिसत नाही मला," आत्या म्हणाली.

खाली गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवला. शेजारच्या घरात भांडं पडलं. सगळे आवाज एकदम परत आले.

आत्याच्या पायांत हळूहळू जीव परतला. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रक्तदाब तपासला, गोळ्या दिल्या. महिनाभराने आत्या त्या दुपारबद्दल एवढंच म्हणायची, "एक गृहस्थ आले होते, चहासुद्धा न घेता गेले." बाकीचं तिला आठवत नाही, की आठवायचं नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ताईने गेम काढून टाकला. मग तो कॉम्प्युटरच काढून नवा घेतला. त्या महिन्यात वाचकांनी विचारलं, "भंगारवाली, या वेळचे तीन कुठे?" तिने दोनच दिले. तिसऱ्याबद्दल अक्षर लिहिलं नाही. ती अजून गेम शोधते, अजून शेवटच्या पानापासून सुरुवात करते. पण सोबती घ्यावे लागणारे गेम ती आता उघडत नाही. कुणी कारण विचारलं की म्हणते, "गर्दी होते."

त्या दिवसानंतर कुणीही येऊन म्हणालं नाही की तुमच्यासाठी कुणीतरी थांबलंय. एकदाही नाही. मला वाटलं, संपलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांनी घर बदललं. आत्याच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरची जागा घेतली. आदल्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. आम्ही दोघांनी मिळून एकोणीस खोकी भरली. दोन लोखंडी कपाटं रिकामी केली. टेम्पो सकाळी नऊला यायचा होता. मी तिथेच झोपलो.

साडेसातला उठलो. बाहेरची खोली मोकळी होती.

खोकी नव्हती. कपाटं नव्हती. मला वाटलं, टेम्पोवाले लवकर आले. खिडकीतून खाली पाहिलं. इमारतीच्या दारात सगळं सामान रचून ठेवलेलं. एकोणीसच्या एकोणीस खोकी, एकावर एक, नीट. शेजारी दोन्ही कपाटं उभी. टेम्पो नव्हता. हमाल नव्हते. ते आले सव्वानऊला, आणि मलाच म्हणाले, "वा साहेब, आमच्यासाठी काही ठेवलंच नाही!"

त्यातलं एक कपाट मी हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. तिघांनी मिळून ते गाडीत चढवलं.

आत्या मला म्हणाली, "किती केलंस रे रात्रभर."

मी ताईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. ती दमल्यासारखी दिसत होती. तिने मान जराशी वळवली, आणि शेजारी कुणीच नसताना, हळू आवाजात म्हणाली,

"बस आता. बाकीचं त्यांना उचलू दे."

मग माझं लक्ष आहे हे तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

तिचं नवं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पूर्वी मी आठवड्यातून दोनदा जायचो. या महिन्यात एकदाच गेलो. निघताना ती म्हणाली, "चल, तुला कोपऱ्यापर्यंत सोडते."

मी म्हटलं, "नको. तू... नको."

ती समजली. दार लावून घेतलं. मी तेवढी वाट एकट्याने चाललो, बऱ्यापैकी भराभर.